घरटी एक माणूस

माझी मान गेली अकरा वर्षं दुखते आहे आणि तिच्याच ओळखीने मला कर्जत-खालापूर भागात चार दिवस हिंडायला मिळालं. आमच्या गिरगावातली माणसं हा मुलूख बघतात तो माथेरानला नाहीतर पुण्याला जाताना, खिडकीतून. उतरतं कोण? मीही उतरले नसते.

झालं असं. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक बोर्डावर. कानाला हेडफोन, समोर प्लगांच्या रांगा आणि मान आठ आठ तास एकाच कोनात. ती एकदा धरली ती सुटलीच नाही. सगळे उपाय करून थकल्यावर मी मुंबईतल्या एका इस्पितळातल्या डॉक्टरांकडे गेले. हे गृहस्थ जरा वेगळे निघाले. वर्षानुवर्षं न हटणाऱ्या दुखण्यांचा ते अभ्यास करत होते आणि त्यासाठी महिन्यातून एका रविवारी कर्जतच्या एका धर्मशाळेत दवाखाना भरवत होते. दुखणं ज्याचं त्यालाच कळतं, तेव्हा दवाखाना कसा चालवावा हेही त्यालाच विचारावं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी आम्हा तीन पेशंटांचं एक मंडळ केलं होतं. बरोबरीचे डॉक्टर त्यांना यावरून हसत, पण ते ऐकणाऱ्यातले नव्हते.

मंडळातले बाकीचे दोघे नावापुरते. मी मात्र पदर खोचून कामाला लागले. धर्मशाळेतली बाकं उंच करून घेतली, कारण दुखऱ्या कमरेला बुटक्या बाकावरून उठणं म्हणजे काय असतं ते मला माहीत. आडवं व्हायला चटया टाकल्या. नंबरासाठी पत्र्याचे बिल्ले केले. आणि मग मी तो नियम सुचवला.

दवाखान्याच्या वहीत नावं भरपूर, पण निम्मी माणसं फिरकायची नाहीत आणि नवे लोक जागा नाही म्हणून परत जायचे. मी म्हटलं, "सलग दोन खेपा जो येणार नाही त्याचं नाव कापा. आमच्याकडे घंटी वाजून कुणी उचललं नाही की आम्ही लाइन काढून घेतो." डॉक्टर जरा घुटमळले. मग हो म्हणाले. पुढच्याच महिन्यापासून हजेरी अशी भरली की मी ती गोष्ट एक्सचेंजच्या कॅन्टीनमध्ये सगळ्यांना दोन-दोनदा ऐकवली.

दहा महिने झाले. वहीतले बरेच पेशंट सुधारलेले दिसत होते. कोण किती वाकतो, किती चालतो, झोप लागते का, असं सगळं डॉक्टर दर खेपेला टिपून ठेवत. आता ते मुंबईत इतर डॉक्टरांपुढे हा अभ्यास वाचून दाखवणार होते. त्याआधी ते मला म्हणाले, "बाई, माणूस दवाखान्यात वेगळा असतो, घरात वेगळा. मी गेलो तर नीट बसतील, नीट बोलतील. तुम्ही त्यांच्यातल्याच. चांगले सुधारलेत अशा एक-दोघांच्या घरी जाऊन बघून या."

मी रजा टाकली, गळ्याला पट्टा बांधला आणि निघाले.

कर्जत, रविवार

थंडीचे दिवस होते. भातं कापून झालेली, शेतांत नुसते खुंट, आणि त्या खुंटांमधून वालाची कोवळी हिरवी रोपं. आमच्याकडे वाल म्हणजे वाण्याकडून पिशवीतून येणारी गोष्ट. इथे तो भाताच्या पाठोपाठ त्याच ओलीवर वाढतो हे मी पन्नाशीला टेकल्यावर पाहिलं. दुपारी खानावळीत तांदळाची भाकरी, बिरडं आणि सुकट. बिरड्यात गूळ नव्हता. मी मागितला तर वाढणाऱ्या बाईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी गप्प जेवले.

दवाखान्यात त्या दिवशी पोशीरची अनसूया आली होती. ही आमची सगळ्यात गुणी पेशंट. काळीसावळी, अंगाने मजबूत, हसली की सगळे दात दिसायचे. वहीतल्या तिच्या पहिल्या नोंदीप्रमाणे तिला कमरेतून पायापर्यंत कळ जायची, उभंही राहवत नव्हतं. मंडळ झालं ते त्यानंतर. मी तिला पाहिलं ते बरी होत गेलेलीच. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या गोळ्या बंद केल्या आणि व्यायाम सांगितले. ते शिकवायचं काम माझ्याकडे. वाकायचं, उठायचं, कळशी उचलायची. मी तिला दरडावून सांगितलं होतं, "दुखलं तरी करायचं. मीही रडत रडतच केलेत."

"दुखलं तरी?" तिने विचारलं होतं.

"दुखलं तरी."

या रविवारी ती मला पायाचे अंगठे धरून दाखवत म्हणाली, "पंधरा दिस झाले बाय, पाय दुखायचा थांबला. कळ म्हनून नाय." डॉक्टर खूश झाले. आता कळशीऐवजी भरलेला हंडा उचल म्हणाले. तिने जाताना माझ्या पिशवीत वालाच्या शेंगा ओतल्या. मी म्हटलं, मंगळवारी तुझ्याच घरी येते. तिचं हसू जरासं थांबलं. घर आवरलेलं नसेल, बायकांना असतं तसं, असं मी धरून चालले.

मोहोपाडा, सोमवार

कर्जतहून चौकला जाणाऱ्या एसटीत मला मागची सीट मिळाली. गळ्याला पट्टा असलेल्या माणसाने मागच्या सीटवर बसू नये, हे या प्रवासात मी शिकलेलं शहाणपण आहे. चौकला उतरले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे. हमरस्त्यावरच्या एका धाब्याच्या बाजेवर मी सरळ आडवी झाले. ट्रक ड्रायव्हर, गॅरेजवाले, सगळे बघतायत आणि मी आभाळाकडे तोंड करून पडलेली. धाबेवाल्याने चहा आणला आणि म्हणाला, "पडा निवांत. आमच्याकडं बसलेल्यांपेक्षा पडलेलीच गिऱ्हाइकं जास्त." गिरगावात मी अशी फुटपाथवर पडले असते तर शेजाऱ्यांनी वर्षभर चघळलं असतं.

तिथून मोहोपाड्याला. कारखान्यांचा वास उतरायच्या आधी नाकात शिरतो, पहिल्यांदा गोडूस वाटतो आणि मग घशाशी येतो. तिथल्या एका चाळीत मला दामोदरला भेटायचं होतं. पिंपं उचलून त्याची कंबर गेलेली, आणि वहीप्रमाणे आता ती ठणठणीत झालेली. मी त्याला दवाखान्यात पाच-सहा वेळा पाहिलेलं, तरणाबांड, सडसडीत.

दार उघडलं ते चाळिशीच्या एका वाकड्या माणसाने. एक हात भिंतीवर.

"दामोदर आहे का?"

"मीच की."

"तुम्ही नव्हे. दवाखान्यात येतो तो."

"अच्छा, अच्छा," तो म्हणाला आणि हळूहळू, अंग तिरपं करत, पलंगाच्या कडेवर टेकला. "तो आमचा धाकला. भाऊ माझा. गावाला शेती बगतो."

मी म्हटलं, "म्हणजे तुमच्या नावावर तो तपासून घेतो?"

"मग काय करनार? रविवारची पाळी चुकवली की साहेब बोंबलतो. आनि दोनदा चुकलं तर तुमी नाव कापता. म्हनून धाकल्याला धाडतो. काय सांगायचं ते पाठ करून देतो त्याला."

"अहो, पण डॉक्टर त्याची कंबर तपासतात!"

"तपासतात ना. झकास हाय म्हनाले." तो हसायला लागला आणि हसता हसता कळ आली तसा ओठ चावून थांबला.

मी त्याच्यावर जाम उखडले. फसवणूक म्हटलं, अभ्यासाचं वाटोळं केलंत म्हटलं. त्याला मी का ओरडते तेच समजेना. लहान मुलाला सांगावं तसं तो मला सांगायला लागला. "बाय, गावात बांध फुटला की घरटी एक मानूस जातो. मयताला घरटी एक. लग्नाच्या मांडवाला घरटी एक. मी गेलो काय, भाऊ गेला काय, घर हजर झालं. तुमच्या वहीत आमचं घर हजर हाय का नाय?"

हजर होतं. एकही खाडा नव्हता. मी बघून आले होते.

परत येताना एसटीत मी उभी राहिले. अर्ध्या वाटेत ध्यानात आलं. नियम माझा होता. पण त्यातही मी मनाला समजावलं की निदान अनसूया तरी खरी आहे. तिला मी हाताला धरून शिकवलं होतं.

पोशीर, मंगळवार

नेरळहून कळंबच्या गाडीने पोशीर. माथेरानचा डोंगर इथून पाठीमागून दिसतो, आपण फोटोत बघतो तसा देखणा वगैरे नाही, नुसती एक काळी भिंत. गावात शिरताना पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, खळ्यावर झोडलेल्या भाताचा कोंडा उडत होता. मी एका बाईला अनसूयेचं घर विचारलं. तिने बोट दाखवलं आणि म्हणाली, "ती कुठं उठतीया? पडवीत असल."

मी चालायची थांबले. मग चालले.

अंगणात माझी अनसूया शेण घेऊन सारवत होती. मला बघून ती उभी राहिली, हात शेणाने भरलेले. पडवीत गोधडीवर दुसरी एक बाई पडलेली होती, किडकिडीत, पिवळी पडलेली, डोळे मोठे. तिने विचारलं, "कोन आलंय गं हौसा?"

मला मग काही विचारायची गरज राहिली नाही. दवाखान्यातली माझी गुणी पेशंट म्हणजे हौसा, धाकटी जाऊ. गोधडीवरची ती अनसूया.

हौसाने हात धुतले, मला पाट दिला, पाणी दिलं. आणि मग न विचारताच सांगितलं. पहिल्या खेपेला अनसूया स्वतः गेली होती. एसटीत बसवेना म्हणून नेरळपर्यंत बैलगाडी, त्या हादऱ्यांनी परत आल्यावर आठ दिवस तिला कूस बदलता येईना. दुसऱ्या खेपेला कुणीच गेलं नाही. मग गावात कळलं की आणखी एकदा चुकलं तर नाव कापतात. घरचे पुरुष भिवंडीकडे कामाला. राहिली हौसा.

"गोळ्या मिळाया पायजेत ना बाय. ती कशी जानार? म्हनून मी गेले. एकदा बगितलेलं तोंड त्या गर्दीत कोन ध्यानात ठेवतंय? मी काय चोरी केली नाय. घरातनं मानूस गेलं."

"पण तुझं काही दुखत नव्हतं, हौसा! तू वाकून दाखवलंस आणि त्यांनी हिच्या गोळ्या बंद केल्या."

"मला वाटलं, डाक्टर साहेब बगतात म्हंजे त्यांना आतलं कळत असल," ती म्हणाली. "आनि गुन तर आलाच की. गोळ्या गेल्या तवा लई वरडायची. मग तुमी सांगितलेलं मी करून घेतलं तिच्याकडनं. रोज. वाकायचं, उठायचं, कळशी. मी बगलेत हात घालून धरायचे. तुमी बोलला होतात, दुखलं तरी." तिने मनगट पुढे केलं. दातांचे व्रण होते, अर्धवट भरलेले. "चावली मला. मी सोडलं नाय. आनि बगा, आता पाय दुखत नाय तिचा."

अनसूया गोधडीवरून हसली. "लई मेहनत घेतली हिनं माझ्यापायी," ती म्हणाली. "पाय गार पडलाय फकस्त. ही म्हनती ऊब येईल हळूहळू."

मी जवळ जाऊन तिच्या पायावरची गोधडी बाजूला केली. उजवं पाऊल लोंबत होतं. मी तिला ते वर उचलायला सांगितलं. तिने दात आवळले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, पाऊल होतं तिथेच राहिलं. दहा महिने डॉक्टरांच्या मागे मागे हिंडून मला एवढं नक्की कळत होतं की दुखणं असं थांबणं म्हणजे बरं होणं नव्हे. कमरेत दबलेली शीर ओरडून ओरडून गप्प झाली होती. आणि आम्ही वहीत लिहिलं होतं, वेदना नाही.

मी अंगणाच्या कडेला जाऊन बसले. हौसा पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "गाडी लागली वाटतं बाय तुमाला."

तशीच नेरळच्या पोस्टात गेले. मुंबईचा कॉल लागायला तासन्‌तास लागतात म्हणून मास्तर मला घालवायला बघत होते. मी फोन घेऊन मुंबईच्या बोर्डावरच्या मुलीला माझं नाव सांगितलं. ती माझ्याच हाताखाली शिकलेली. पाच मिनिटांत डॉक्टर लाइनवर. मी सगळं एका दमात सांगितलं.

"पाऊल अजिबात उचलत नाही?"

"नाही."

"किती दिवस?"

"पंधरा. जास्त असतील."

"मी सकाळी निघतो," ते म्हणाले. अभ्यासाचं त्यांनी काही विचारलं नाही.

रात्री मी हौसाकडेच राहिले. तांदळाची गरम भाकरी आणि वालाचं कालवण तिने पानात वाढलं. जेवण झाल्यावर मी अनसूयेजवळ बसून तिला सांगितलं, उद्या डॉक्टर येतील, ते विचारतील ते खरं खरं सांग. नाव कापणार नाहीत. तो नियम आता उरला नाही, मीच केला होता आणि मीच मोडला.

"तुमी केलावता?" तिने विचारलं.

"हो."

तिने माझ्या गळ्याच्या पट्ट्याकडे पाहिलं. "तुमचंबी दुखतंय," ती म्हणाली. ती मला चार शिव्या देती तर बरं झालं असतं.

पोशीर, बुधवार

डॉक्टरांची जीप अंगणात शिरली तेव्हा ऊन नुकतं पडवीच्या खांबापर्यंत आलं होतं. निम्मा गाव गोळा झाला. डॉक्टर एका रात्रीत म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. त्यांनी हौसाकडे पाहिलं, तिला ओळखलं, आणि तिला नमस्कार केला. हौसाने तोंडाला पदर लावला. एव्हाना तिला कळलं होतं. सकाळपासून बायका येऊन कुजबुजत होत्या, आणि तिने मला चुलीपाशी गाठून विचारलं होतं, "मी तिचा पाय घालवला का, बाय?" मी म्हटलं होतं, तू नाही. मी. डॉक्टरांनी. तू नाही. पण तिने पुन्हा तेच विचारलं. अनसूया पडवीत होती, सहा हातांवर, तिला ऐकू गेलंच असणार.

डॉक्टर गोधडीपाशी मांडी घालून बसले. हौसाने अनसूयेचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी गुडघा दाबला, पोटरी दाबली, पाऊल हातात घेऊन वर केलं आणि सोडलं. ते पडलं. मग त्यांनी कोटाच्या कॉलरमधून टाचणी काढली.

"डोळे मीट, अनसूया. मी टोचीन. टोचलं की हो म्हण. नाही कळलं तर नाही म्हण. घाबरू नकोस, नाव तुझं पक्कं आहे."

तिने डोळे मिटले. त्यांनी डाव्या पायाला टोचलं, ती लगेच हो म्हणाली. मग उजवं पाऊल. अंगठ्याला टोचलं. ती गप्प. पुन्हा टोचलं, जोरात. रक्ताचा थेंब आला. अनसूया गप्पच. वरती हौसाच्या छातीतून एक हुंदका निघाला, तो दाबायला तिने तोंडात पदर कोंबला, पण तिचं सगळं अंग हलायला लागलं आणि मांडीवरचं ते डोकंही त्यासोबत हलायला लागलं.

डॉक्टरांनी टाचणी पायापासून दूर नेली. क्षणभर ती तशीच हवेत धरली आणि विचारलं, "आता?"

"हो," अनसूया म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. तिने हात वर करून चाचपडत हौसाचं मनगट धरलं. "टोचतंय साहेब. लई टोचतंय."